स्वॅप शून्य करावा का? (लिनक्स, अ‍ॅनॉनिमस मेमरी वगैरे)

रिकामा_रॅम

राम राम मंडळी,

मशीन: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई, कर्नल ६.१, स्वॅप पार्टिशन (रॅममधलं बाहेर काढून ठेवायची डिस्कवरची जागा) ८ जीबी. काम म्हणजे ब्राउझर, जावाचा एक आयडीई आणि दोनतीन कंटेनर. 'फ्री -एच' हे दाखवतो:

मेम: एकूण १५.५, वापरात ९.१, मोकळी ०.६, शेअर्ड ०.९, बफ/कॅश ५.८, उपलब्ध ५.०
स्वॅप: एकूण ८.०, वापरात १.३, मोकळी ६.७

पाच जीबी 'उपलब्ध' असताना १.३ जीबी स्वॅपमध्ये का जावं? स्वॅपिनेस (कर्नलची स्वॅपबाबतची सेटिंग) ६० आहे, म्हणजे ६० टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू होतो का? आणि सरळ 'स्वॅपऑफ -ए' करून एफएसटॅबमधली ओळ खोडली तर काय बिघडेल?

माझं मत असं, की १६ जीबीच्या मशीनवर स्वॅप ही जुन्या काळची सवय आहे. विरोधी मतं जरूर मांडा, पण 'आमच्याकडे चालतं' एवढ्यावर भागवू नका. कारणासकट लिहा.

पानपट्टी | आधी पेज कोणत्या जातीचं ते बघा

टंकाळा बाजूला ठेवून लिहितो.

रॅममधली वापरातली पेजेस (कर्नल मेमरी ज्या ४ केबीच्या तुकड्यांत वाटतो ते तुकडे) ढोबळमानाने दोन प्रकारची. फाइलवाली: प्रोग्रॅमचा कोड, लायब्ररी, वाचलेल्या फाइली. यांची मूळ प्रत डिस्कवर असते, त्यामुळे पेज स्वच्छ असेल तर कर्नल ते टाकून देतो आणि लागलं की पुन्हा वाचतो. बदललेलं असेल तर आधी फाइलीत लिहितो. दुसरी अ‍ॅनॉनिमस: हीप (प्रोग्रॅमने चालताना मागितलेली मेमरी), स्टॅक, एममॅपने मागितलेली फाइलविना जागा, आणि प्रायव्हेट मॅपिंगवर लिहिल्यामुळे कॉपी-ऑन-राइट होऊन वेगळी झालेली पेजेस. यांच्यामागे कुठलीच फाइल नाही. यांना रॅमबाहेर काढायचं तर ठेवण्यासाठी एकच जागा आहे, ती म्हणजे स्वॅप.

२.६.२८ पासून (२००८, रिक व्हॅन रीलचं काम) कर्नल या दोघांच्या याद्या वेगळ्या ठेवतो: अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅनॉन, इनअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅनॉन, अ‍ॅक्टिव्ह फाइल, इनअ‍ॅक्टिव्ह फाइल, आणि हलवताच न येणाऱ्यांची अनइव्हिक्टेबल. '/प्रॉक/मेमइन्फो'त पाचही ओळी दिसतात.

स्वॅप शून्य केला की अ‍ॅनॉनच्या दोन्ही याद्या रिक्लेमच्या (पेजेस काढून जागा मोकळी करण्याच्या) दृष्टीने बाद. सकाळी एकदाच चालून गेलेल्या प्रोग्रॅमचा इनिशियलायझेशनचा डेटा दिवसभर रॅम अडवून बसतो आणि त्याच्या बदल्यात हाकललं जातं ते तुमच्या चालू ब्राउझरच्या कोडचं पेज. घरात माळाच नसेल तर गणपतीचं मखर वर्षभर हॉलमध्ये ठेवावं लागतं आणि जेवायला बसायला जागा उरत नाही, तसला प्रकार.

चुरमुरे 

वाचतोय. पुभाप्र.

सदाशिव_सर्व्हरवाला | असहमत

पानपट्टींचं पाठ्यपुस्तक बरोबर आहे, पण प्रॉडक्शनमध्ये चित्र वेगळं असतं. जावाचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी सोडवणारा भाग) पूर्ण फेरी मारतो तेव्हा अख्ख्या हीपमधल्या जिवंत वस्तूंवरून चालतो. हीपचा पाव भाग स्वॅपमध्ये असेल, तर मिलिसेकंदांची फेरी सेकंदांवर जाते. हार्टबीट चुकतो, क्लस्टर त्या नोडला मेलेला समजतो आणि डेटाची हलवाहलव सुरू होते. म्हणूनच इलॅस्टिकसर्चच्या दस्तऐवजांत स्वॅप बंद करा किंवा 'बूटस्ट्रॅप.मेमरी_लॉक: ट्रू' लावा असं लिहिलंय. कुबरनेटीसचा (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) क्युबलेट तर स्वॅप चालू दिसला की मूळ सेटिंगमध्ये सुरूच व्हायचा नाही.

प्रोसेस रांगत राहण्यापेक्षा मेलेली बरी. मेली की दुसरी उभी राहते.

पानपट्टी | मरते कुठे?

सदाशिवराव, 'मेलेली बरी' हे मान्य. पण स्वॅप नसला की ती पटकन मरते हे गृहीतक तपासा.

ओओएम किलर (मेमरी संपल्यावर एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) केव्हा येतो? रिक्लेम करूनही काहीच हाती लागत नाही, तेव्हा. कर्नल सलग १६ वेळा काहीही प्रगती न होता रिक्लेम करून बघतो आणि मग हात टेकतो. पण फाइलवाली पेजेस आहेत तोवर थोडी थोडी 'प्रगती' होतच राहते. कोडचं पेज टाकलं, चार पेजेस मोकळी झाली, मोजणी पुन्हा शून्यावर. पुढच्याच क्षणी प्रोसेसला तोच कोड लागतो, मेजर फॉल्ट, डिस्कवरून वाचन, दुसरं पेज टाकणं. माउस हलत नाही, एसएसएच लागत नाही, डिस्कचा दिवा मात्र अखंड जळतो. हे सगळं स्वॅप शून्य असताना होतं. त्या वेळी 'व्हीएमस्टॅट १' पाहिलंत तर एसआय, एसओ (स्वॅपमधून आत, स्वॅपमध्ये बाहेर) दोन्ही शून्य आणि बीआय (डिस्कवरून वाचन) आकाशात.

म्हणजे थ्रॅशिंग (हे टाकणं-मागवणंच करत बसणं) टळत नाही. फक्त ते स्वॅपच्या खात्यावर न दिसता फाइल वाचनाच्या खात्यावर दिसतं.

कळसूत्री | दोघांचंही बरोबर, कारण सीग्रुप आहेत

स्वॅप चालू की बंद हा निर्णय अख्ख्या मशीनसाठी एकच घ्यायची गरज नाही. सीग्रुप (प्रोसेसचे गट करून मर्यादा लावायची कर्नलची सोय) व्ही२ मध्ये प्रत्येक गटाला स्वतंत्र 'मेमरी.स्वॅप.मॅक्स' असतो. डेटाबेसच्या सिस्टमडी (सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) युनिटमध्ये

मेमरीस्वॅपमॅक्स=०

एवढी ओळ घाला. तो डेटाबेस स्वॅपमध्ये जाणार नाही. लॉग गोळा करणारे, मॉनिटरिंग एजंट, क्रॉनमधली किरकोळ मंडळी मात्र जाऊ शकतील. किंवा प्रोसेसलाच एमलॉकऑल (आपली सगळी मेमरी रॅममध्येच अडकवणं) करू द्या; त्यासाठी 'लिमिटमेमलॉक=इन्फिनिटी' लागतं, नाहीतर कॉल नाकारला जातो आणि बरेचसे प्रोग्रॅम लॉगमध्ये एक ओळ टाकून तसेच पुढे चालू राहतात. लॉक खरंच झालं का ते '/प्रॉक/पीआयडी/स्टेटस'मधल्या 'व्हीएमएलसीके' ओळीत बघायचं.

कुबरनेटीसचं म्हणाल तर १.२२ मध्ये (२०२१) स्वॅपचा पाठिंबा अल्फा म्हणून आला, १.२८ मध्ये बीटा झाला, तोही फक्त सीग्रुप व्ही२ वर. म्हणजे ती मंडळीसुद्धा 'कधीच नाही'वरून खाली उतरली.

रिकामा_रॅम, तुमच्याकडे कंटेनर आहेत म्हणून एक खास सापळा. डॉकरला '--मेमरी ३००एम' दिलं आणि '--मेमरी-स्वॅप' दिलंच नाही, तर होस्टवर स्वॅप असल्यास कंटेनरला आणखी ३०० एमबी स्वॅप मिळतो. '--मेमरी-स्वॅप' हा आकडा नुसत्या स्वॅपचा नाही, रॅम आणि स्वॅप मिळून एकूण आहे. स्वॅप नकोच असेल तर दोन्ही आकडे सारखे द्या. आणि कंटेनर स्वतःच्या मर्यादेला टेकला की होस्टची रॅम कितीही मोकळी असो, त्याची पेजेस स्वॅपमध्ये जातात. तुमच्या १.३ जीबीचं हे एक कारण असू शकतं.

बिटबाजीराव

ओओएम किलर म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. पाणी संपलं की ज्याची टाकी सगळ्यात मोठी त्याचा नळ तोडतो, गळती कोणाची का असेना. ह.घ्या.

घाटमाथा | स्वॅपिनेस म्हणजे टक्के नव्हेत

मूळ प्रश्नातल्या '६० टक्के रॅम भरली की' या समजुतीबद्दल. हा गैरसमज आंतरजालावर इतका पसरलाय की त्यावर बूच मारायलाच हवं.

रिक्लेमची वेळ आल्यावर कुठल्या यादीवर किती भार टाकायचा, त्याचं हे वजन आहे. अ‍ॅनॉनचं वजन = स्वॅपिनेस, फाइलचं वजन = २०० वजा स्वॅपिनेस. म्हणजे ६० असताना ६० विरुद्ध १४०. त्यात पुन्हा कुठल्या बाजूची काढलेली पेजेस परत मागवावी लागतात, त्याचा हिशेब मिसळतो. रिक्लेम सुरू केव्हा होणार हे स्वॅपिनेस ठरवतच नाही. ते झोनचे (रॅमच्या विभागांचे) वॉटरमार्क ठरवतात. मोकळी पेजेस 'लो'च्या खाली गेली की केस्वॅपडी (मागे राहून रिक्लेम करणारा कर्नलचा थ्रेड) जागा होतो आणि 'हाय'पर्यंत भरून काढतो. 'मिन'च्या खाली गेली तर मेमरी मागणाऱ्या प्रोसेसलाच रिक्लेमची हमाली करावी लागते. खरा अडखळा तिथे जाणवतो. 'व्हीएम.वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर' मुळात १० असतो, म्हणजे मार्कांमधलं अंतर मेमरीच्या ०.१ टक्का. मागणी झटक्यात उसळत असेल तर तो १०० वगैरे केल्याने केस्वॅपडी आधी उठतो.

पूर्वी स्वॅपिनेसची कमाल १०० होती, ५.८ पासून (२०२०) २०० आहे. १०० म्हणजे दोन्ही बाजूंचा आयओ सारख्याच खर्चाचा. स्वॅप फाइलसिस्टिमच्या दुप्पट वेगाचा असेल तर १३३, हे कर्नलच्या दस्तऐवजातलंच उदाहरण. झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) वापरणाऱ्याने ६० वर बसून राहण्यात अर्थ नाही.

आणि ० म्हणजे 'स्वॅप बंद' नव्हे. ३.५ पासून ० चा अर्थ असा, की मोकळी आणि फाइलवाली पेजेस मिळून झोनच्या हाय वॉटरमार्कखाली जाईपर्यंत अ‍ॅनॉनला हात लावायचा नाही. म्हणजे गळ्याशी आल्यावरच स्वॅप सुरू. डेस्कटॉपवर ही सर्वात वाईट वेळ.

रिकामा_रॅम

घाटमाथा, दंडवत. पण पहिला प्रश्न उरतोच. आत्ता दबाव नाहीये, पाच जीबी उपलब्ध आहे. मग ते १.३ जीबी परत का येत नाहीत?

घाटमाथा

कारण कोणी मागितलेले नाहीत. कर्नल आपणहून स्वॅपमधून काही परत आणत नाही. कधीतरी दबाव आला असेल (मोठा बिल्ड, बॅकअप, कंटेनरची मर्यादा), तेव्हा गेलेली पेजेस हात लागेपर्यंत तिथेच राहतात.

पेज बाहेर गेलं की पेज टेबलमधल्या नोंदीचा 'प्रेझेंट' बिट शून्य होतो आणि तिथे भौतिक पत्त्याऐवजी दोन गोष्टी लिहिल्या जातात: स्वॅप डिव्हाइसचा क्रमांक आणि त्यातली जागा. प्रोसेसने त्या पत्त्याला हात लावला की फॉल्ट, मग आधी स्वॅप कॅशमध्ये शोध, नाही मिळालं तर डिस्कवरून वाचन. तोवर ती नोंद तशीच.

आणखी एक बारकावा. परत आलेल्या पेजची स्वॅपमधली प्रत कर्नल लगेच खोडत नाही. स्वॅप अर्ध्याहून कमी भरलेला असेल तर जागा राखून ठेवतो, म्हणजे ते पेज न बदलता पुन्हा बाहेर काढायची वेळ आली तर लिहिण्याचा खर्च वाचतो. मेमइन्फोतली 'स्वॅपकॅश्ड' ही ओळ तीच. तेवढा भाग 'वापरात' दिसतो, पण रॅममध्येही असतो.

मृद्गंधा | मग बघायचं काय?

स्वॅप किती भरलाय यापेक्षा तो किती वेगाने वाहतोय ते महत्त्वाचं. नमुन्यादाखल 'व्हीएमस्टॅट ५'मधले तीन स्तंभ:

स्वॅपडी १३६३१४८, एसआय ०, एसओ ०: निवांत. १.३ जीबी पडून आहे, कोणाला त्रास नाही.
स्वॅपडी वाढती, एसआय ०, एसओ ४०००: थंड पेजेस बाहेर जातायत. तेवढ्यापुरतं चालेल.
एसआय ९०००, एसओ ११०००, सतत मिनिटभर: जे बाहेर टाकतोय तेच परत मागवतोय. वर्किंग सेट (सतत लागणारी पेजेस) रॅमपेक्षा मोठा झालाय. इथे सेटिंग बदलून काही होणार नाही, काहीतरी बंद करा किंवा रॅम घाला.

हे आकडे सेकंदाला केबीमध्ये असतात, आणि पहिली ओळ बूटपासूनची सरासरी असते, ती सोडून द्यायची.

याहून चांगलं साधन म्हणजे पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन), कर्नल ४.२० पासून. '/प्रॉक/प्रेशर/मेमरी'मध्ये दोन ओळी असतात, 'सम' आणि 'फुल'. 'फुल एव्हीजी१०=८.१०' म्हणजे गेल्या दहा सेकंदांतला ८.१ टक्के वेळ काम असलेल्या सगळ्याच प्रोसेस एकाच वेळी मेमरीसाठी खोळंबल्या होत्या. स्वॅपविना थ्रॅशिंगही यात दिसतं, कारण हा मोजतो खोळंबा, आयओ कुठून आला ते नाही. पानपट्टींनी वर सांगितलेली अवस्था व्हीएमस्टॅटच्या एसआय-एसओत दडून राहते, इथे उघडी पडते.

कोणाची पेजेस स्वॅपमध्ये आहेत हे पाहायला '/प्रॉक/*/स्टेटस'मधून 'व्हीएमस्वॅप' ओळी ग्रेप करून सॉर्ट करा. फक्त तो आकडा शेअर्ड मेमरी धरत नाही. अनेक प्रोसेसनी वाटून घेतलेल्या अ‍ॅनॉन पेजांतला प्रोसेसनिहाय वाटा हवा तर 'स्मॅप्स_रोलअप'मधला 'स्वॅपपीएसएस', पण शेअर्ड मेमरी तोही धरत नाही.

चुरमुरे

शेअर्ड मेमरी धरत नाही म्हणजे? ती अ‍ॅनॉनिमस की फाइलवाली?

मृद्गंधा

छान प्रश्न, इथे भलेभले फसतात. टीएमपीएफएस (रॅममध्येच राहणारी फाइलसिस्टिम) आणि शेअर्ड मेमरी ही हिशेबात 'कॅश्ड'मध्ये दिसते, म्हणून लोक तिला सोडता येण्याजोगी समजतात. पण तिच्यामागे डिस्कवरची फाइल नाही, त्यामुळे कर्नल तिला अ‍ॅनॉनच्या यादीत ठेवतो आणि बाहेर काढायची तर स्वॅपच लागतो. 'ड्रॉप_कॅशेस'मध्ये ३ लिहा नाहीतर ३०० वेळा लिहा, '/डेव्ह/एसएचएम'मधली फाइल जागची हलत नाही.

म्हणून 'बफ/कॅश' १० जीबी आणि 'उपलब्ध' १ जीबी असं विचित्र चित्र दिसलं की आधी 'शेअर्ड' स्तंभ बघा. '/टीएमपी' टीएमपीएफएसवर असेल आणि कोणी त्यात ६ जीबीची झिप सोडली असेल, तर उत्तर तिथेच. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफरही याच खात्यात येतात.

तर्कटराव | ओव्हरकमिटचा विसर पडला?

तुम्ही सगळे पेज वाटल्यानंतरची चर्चा करताय. कर्नल मुळात नसलेली मेमरी वाटतो हे खरं दुखणं. एमअ‍ॅलॉकने १० जीबी मागा, मिळतात. पण तो नुसता पत्त्यांचा पट्टा असतो. वाचलं तर सगळीकडे एकच शून्य-पेज जोडलेलं, पहिल्यांदा लिहिलं की मग खरं पेज. म्हणजे 'हो' आधी म्हणायचं आणि माल नंतर शोधायचा.

विंडोजमध्ये असं नाही. तिथे कमिट लिमिट म्हणजे रॅम अधिक पेजफाइल, आणि त्यापलीकडची कमिटची मागणी तिथल्या तिथे नाकारली जाते. म्हणूनच विंडोजवर पेजफाइल शून्य केली की रॅम मोकळी दिसत असतानाही प्रोग्रॅम 'मेमरी नाही' म्हणून कोसळतात. लिनक्सवर हेच हवं असेल तर 'व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी=२'. मग मर्यादा = स्वॅप + रॅमचे ५० टक्के (ओव्हरकमिट_रेशो मुळात ५०).

सदाशिव_सर्व्हरवाला

आणि ती मर्यादा स्वॅप शून्य असताना किती होईल? १६ जीबीत ८. अर्धी रॅम कमिट करताच येणार नाही. तर्कटराव, २ लावायचा तर स्वॅप द्या किंवा रेशो ८०-९० करा, हेही सांगा. पोस्टग्रेसची मंडळी २ ची शिफारस करतात, रेडिस उलट १ मागतो, कारण स्नॅपशॉट घेताना तो फोर्क करतो (स्वतःची दुसरी प्रोसेस काढतो). पेजेस कॉपी-ऑन-राइटने वाटून घेतलेली असली तरी कागदावर मागणी दुप्पट दिसते, आणि २ असेल तर फोर्कच नाकारला जातो. दोन्ही एकाच मशीनवर असतील तर भांडण घरातच.

(कळसूत्रींचं मेमरीस्वॅपमॅक्स=० मान्य. मशीनभर बंद करण्यापेक्षा ते बरं.)

बिटबाजीराव

सदाशिव पेठेतून कोणी 'मान्य' म्हणालं. धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

कोकणकडा | झेडरॅम लावा, विषय संपवा

एवढं पुराण कशाला? फेडोराने ३३ पासून (२०२०) डिस्कवरचा स्वॅप सोडून झेडरॅम दिला. अँड्रॉइड फोनात कैक वर्षं तेच चालतं. रॅममध्येच दाबून ठेवा, डिस्कचा संबंध नाही. झेडरॅम-जनरेटरच्या कॉन्फिगमध्ये [झेडरॅम०] खाली दोन ओळी:

झेडरॅम-साइझ = मिन(रॅम, ८१९२)
कॉम्प्रेशन-अल्गोरिदम = झेडएसटीडी

आणि 'व्हीएम.पेज-क्लस्टर=०', कारण मूळची ३ म्हणजे एका फॉल्टला आठ पेजेस आगाऊ वाचणं. डिस्कवर ते फायद्याचं असतं. रॅममधून डीकॉम्प्रेस करताना सात पेजांचं श्रम फुकट जाण्याची शक्यताच जास्त.

घाटमाथा | विषय इतक्यात संपत नाही

झेडरॅम चांगलाच आहे. पण तीन गोष्टी.

डिस्कसाइझ हा न दाबलेल्या मालाचा आकडा आहे. ८ जीबीचा झेडरॅम अडीचपट दाबला गेला तर ३.२ जीबी रॅम खातो. त्यात आधीच दाबलेला किंवा एन्क्रिप्टेड डेटा गेला तर ८ च्या ८ जीबी रॅमच जाते, वर हिशेब ठेवायचा खर्च. 'झेडरॅमसीटीएल'मध्ये 'डेटा' आणि 'टोटल' शेजारीशेजारी बघा. टोटल जवळपास डेटाएवढा असेल तर तुम्ही रॅममधून काढून रॅममध्येच ठेवताय.

दुसरं: झेडरॅमला जास्त प्रायॉरिटी आणि मागे डिस्कचा स्वॅप, ही जोडी दिसते तितकी शहाणी नाही. आधी बाहेर पडतात ती सर्वात थंड पेजेस, आणि तीच महागड्या झेडरॅममध्ये ठाण मांडतात. झेडरॅम भरल्यावर निघालेली, त्यामानाने गरम पेजेस डिस्कवर जातात. नेमकं उलटं. झेडस्वॅपमध्ये हे होत नाही: तो डिस्कच्या स्वॅपपुढे बसतो, दाबलेला साठा रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत ठेवतो (मॅक्स_पूल_पर्सेंट) आणि भरला की सर्वात जुनं पेज डिस्कवर ढकलतो. डिस्क असेल तर झेडस्वॅप, नसेल किंवा एसडी कार्ड असेल तर झेडरॅम. दोन्ही एकदम लावू नका. दाबलेलं पेज पुन्हा दाबण्याचा उद्योग होतो. कर्नल ओळीत 'झेडस्वॅप.एनेबल्ड=०' घातलं की झालं.

तिसरं: झेडरॅमवर हायबरनेट (रॅम स्वॅपमध्ये लिहून मशीन पूर्ण बंद करणं) होत नाही. वीज गेल्यावर रॅमच पुसली जाणार.

चुरमुरे

एसएसडी झिजत नाही का स्वॅपने?

मृद्गंधा

गणित करा. सेकंदाला ५ एमबी एसओ चोवीस तास राहिला तर दिवसाला ४३२ जीबी. ३०० टीबीडब्ल्यूची (हमीत एकूण किती टीबी लिहिता येईल तो आकडा) एसएसडी सुमारे ६९४ दिवसांत हमीच्या हद्दीला टेकते. पण चोवीस तास ५ एमबीने स्वॅप लिहिणाऱ्या मशीनवर कोणी काम करू शकत नाही, ती आधी दुरुस्त होईल. निवांत डेस्कटॉपवर हा प्रवाह बहुतेक वेळ शून्य असतो. खरी गणती '/प्रॉक/व्हीएमस्टॅट'मधल्या 'पीएसडब्ल्यूपीआउट'ची: बूटपासून बाहेर गेलेली पेजेस, गुणिले ४ केबी.

एसडी कार्डाचं मात्र वेगळं, तिथे झेडरॅमच.

पाटीपेन्सिल | स्वॅप फाइल कशी करावी

पार्टिशन नसेल त्यांच्यासाठी. ईएक्सटी४ वर, ४ जीबीची:

डीडी इफ=/डेव्ह/झिरो ऑफ=/स्वॅपफाइल बीएस=१एम काउंट=४०९६
सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
स्वॅपऑन /स्वॅपफाइल

मग एफएसटॅबमध्ये: /स्वॅपफाइल नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०

'ट्रंकेट'ने फाइल करू नका. ती पोकळ असते आणि स्वॅपऑन 'भोकं आहेत' म्हणून नाकारतो. कर्नल स्वॅप फाइलीचे डिस्कवरचे ब्लॉक सुरुवातीलाच नोंदवून घेतो आणि पुढे फाइलसिस्टिमला वळसा घालून थेट लिहितो, म्हणून प्रत्येक ब्लॉक आधीच जागेवर असावा लागतो. याच कारणाने बीटीआरएफएसवर कॉपी-ऑन-राइट बंद असलेलीच फाइल चालते, तीही कर्नल ५.० पासून. तिथे बीटीआरएफएस-प्रोग्ज ६.१ पासून 'एमकेस्वॅपफाइल' ही उपकमांड सगळं एका दमात करते. ती फाइल ज्या सबव्हॉल्यूममध्ये आहे त्याचा स्नॅपशॉट स्वॅप चालू असताना घेता येत नाही, म्हणून तिला वेगळं सबव्हॉल्यूम द्या.

सीएचमॉड विसरू नका. स्वॅपमध्ये पासवर्ड, किल्ल्या, काहीही उघडं पडलेलं असू शकतं. लॅपटॉप फिरता असेल तर स्वॅप एन्क्रिप्टेडच हवा.

तर्कटराव

अवांतर: 'रॅमच्या दुप्पट स्वॅप' हे सूत्र कुठून आलं? जुन्या बीएसडीत प्रत्येक अ‍ॅनॉनिमस पेजसाठी स्वॅपमध्ये जागा आधीच राखली जायची, म्हणून स्वॅप रॅमपेक्षा मोठा लागायचाच. लिनक्स २.४ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही स्वॅपमधून परत आलेली पेजेस तिथली जागा सोडायची नाहीत, म्हणून सूत्र पुन्हा उजळलं. ती कारणं गेली, सूत्र राहिलं.

पानपट्टी | मूळ प्रश्नाकडे

रिकामा_रॅम, तुमच्या मशीनपुरतं सांगायचं तर:

८ जीबी पार्टिशन राहू द्या, झेडस्वॅप चालू करा. स्वॅपिनेस ६० च ठेवा किंवा १०० करून बघा. १० वर आणू नका. कर्नल ६.१ आहे म्हणजे गुगलच्या यू झाओचं मल्टी-जेन एलआरयू (कोणतं पेज थंड ते ठरवायची पद्धत) त्यात आलंय. '/सिस/कर्नल/एमएम/एलआरयू_जेन/एनेबल्ड' वाचा, ०एक्स०००७ दिसलं तर चालू आहे. त्याच फोल्डरातल्या 'मिन_टीटीएल_एमएस'मध्ये १००० लिहा. त्याचा अर्थ, गेल्या एका सेकंदात वापरलेली पेजेस बाहेर काढायची नाहीत. ती राखून मेमरी पुरत नसेल तर सरळ ओओएम. माउस गोठण्यावर याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. सदाशिवरावांची 'मेलेली बरी'ही यात आली.

सिस्टमडी-ओओएमडी (कर्नलच्या आधीच प्रोसेस मारणारा सिस्टमडीचा भाग) असेल तर स्वॅप फार लहान ठेवू नका. त्याची एक मर्यादा मुळात स्वॅप ९० टक्के वापरात ही आहे. स्वॅप १ जीबीचाच असेल तर तो आकडा सहज गाठला जातो, आणि रॅमही भरत आलेली असली की ओओएमडी अख्खा सीग्रुप मारतो, म्हणजे एका टॅबऐवजी सगळा ब्राउझर.

रिकामा_रॅम

मंडळी, मत बदललं, स्वॅप ठेवतो. सगळ्यांचे आभार. पण तो १.३ जीबी डोळ्यांत सलतोय. एकदा 'स्वॅपऑफ' करून लगेच 'स्वॅपऑन' केलं तर चालेल?

घाटमाथा

चालेल, उपयोग शून्य. स्वॅपऑफ प्रत्येक पेज रॅममध्ये परत आणतो, म्हणजे तेवढी फाइल कॅश हाकलली जाते, आणि पुढच्या दबावाला तीच थंड पेजेस पुन्हा बाहेर. रॅममध्ये जागा नसेल तर स्वॅपऑफ 'कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणून अर्ध्यात थांबतो. ५.१ च्या आधीच्या कर्नलवर तर एकेका स्लॉटसाठी सगळ्या प्रोसेस धुंडाळल्या जायच्या, त्यामुळे काही जीबीला तास लागायचे. आता प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल एकदाच चाळलं जातं, पण 'कशासाठी' हा प्रश्न राहतोच.

चुरमुरे

शेवटची शंका. १६ जीबी रॅमला ८ जीबी स्वॅपवर हायबरनेट होईल का? झेडस्वॅप लावून?

पाटीपेन्सिल

झेडस्वॅपने अडत नाही, मागे खरी डिस्क आहे. जागेचं मात्र बघावं लागेल. '/सिस/पॉवर/इमेज_साइझ' मुळात रॅमच्या सुमारे दोन पंचमांश, म्हणजे १६ जीबीला साधारण ६.४. कर्नल इमेज तेवढ्यात बसवायचा प्रयत्न करतो आणि दाबून लिहितो. पण त्या ८ मध्ये आधीच ३ जीबी स्वॅप झालेला असेल तर उरलेल्या ५ मध्ये कदाचित मावणार नाही, आणि हायबरनेट नुसतं परत फिरेल. खात्रीने हवं असेल तर १६ जीबी द्या.

स्वॅप फाइल असेल तर कर्नल ओळीत 'रिझ्यूम=' बरोबर 'रिझ्यूम_ऑफसेट='ही लागतो. ईएक्सटी४ वर 'फाइलफ्रॅग -व्ही'च्या पहिल्या ओळीतला भौतिक ऑफसेट घ्यायचा. बीटीआरएफएसवर फाइलफ्रॅगचा आकडा चुकीचा ठरतो. तिथे 'इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल -आर'. स्वॅप दर बूटला नव्या रँडम किल्लीने एन्क्रिप्ट होत असेल तर हायबरनेट विसरा. आणि सिक्युअर बूट चालू असताना कर्नल लॉकडाउनमध्ये असेल तर हायबरनेट मुळातच बंद असतं. '/सिस/पॉवर/डिस्क' वाचल्यावर नुसतं [डिसेबल्ड] आलं तर स्वॅपला दोष देण्याआधी बायॉसमध्ये डोकवा.